बाराव्या वर्षाची शाळा

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली, म्हणजे पहिल्या दिवशीं हजेरी घेतांना आम्हांस दरवर्षीं एक अनुभव येतो. पटावरील नांवें एकामागून एक वाचीत जावें, आणि मध्येंच एखाद्या नांवास उत्तर येऊं नये. वर्ग क्षणभर गप्प राहतो, मग मागच्या बाकावरून कोणी तरी सांगतो, "गुरुजी, तो कोयत्यावर गेला." आमच्या भागांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीच्या हंगामासाठीं दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात व उन्हाळ्यांत परततात. लहान मूल मागें ठेववत नाहीं म्हणून बरोबर नेतात, आणि मोठें मूल कामास उपयोगीं पडतें म्हणून बरोबर नेतात. पांचवी ते आठवी या इयत्तांतील मुलें बहुधा या दुसऱ्या प्रकारांत मोडतात.

गेल्या जून महिन्यांत मुलीचें नांव घालावयास आलेल्या एका गृहस्थांनीं आम्हांस सरळच विचारलें, "गुरुजी, पोरीला वाचाया येतंय, सही करता येतीया, बेरीज-वजाबाकी कळतीया. आता हितनं पुढं आणखी चार वर्सं तुमी तिला काय शिकवणार?" या प्रश्नांत राग नव्हता, उपहासही नव्हता. ज्याच्या हातांत पैसा थोडा व पुढें काम फार, अशा बापानें खरोखर कळून घेण्यासाठीं विचारलेला तो प्रश्न होता. त्या दिवशीं दारांत पालकांची रांग उभी होती. आम्हीं दोन वाक्यांत कसेंबसें उत्तर दिलें, व तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. या लेखांत तेंच उत्तर सावकाशपणें देण्याचें योजिलें आहे. तें त्या एका गृहस्थांस आहे, तसें सर्व पालकांस व आमच्या विद्यार्थ्यांसही आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं एक कथा आहे. येशू बारा वर्षांचा झाला तेव्हां मरीया व योसेफ वल्हांडण सणासाठीं त्यास घेऊन यरुशलेमेस गेलीं. सण आटोपून परततांना एका दिवसाची वाट चालून झाल्यावर मुलगा सोबतीच्या मंडळींत नाहीं असें त्यांच्या ध्यानीं आलें. तीं माघारीं फिरलीं. आणि तीन दिवसांनीं तो त्यांस मंदिरांत सांपडला. तो गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता. पुढें तो आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. आणि त्याची वाढ ज्ञानांत, शरीरानें, देवाच्या कृपेंत व मनुष्यांच्या प्रीतींत होत गेली, असें सांगून तो अध्याय संपतो.

या कथेंतील वय लक्षांत घेण्याजोगें आहे. बारा वर्षांचें मूल सहावी-सातवींत असतें. तें आतां केवळ ऐकणारें राहिलेलें नसतें, आणि आपल्या बुद्धीनें संसार चालविणारेंही झालेलें नसतें. ऐकणें आणि विचारणें या दोन्ही गोष्टी ज्या वयांत बरोबरीनें चालतात, तें हें वय होय. आमच्या मतें मधल्या शाळेचें सारें काम या दोन शब्दांत येतें. आणि वाढीचे जे चार प्रकार तेथें सांगितले आहेत, त्याच क्रमानें आम्ही आमच्या शाळेची व्यवस्था पालकांस समजावून देणार आहों.

परंतु त्यापूर्वीं 'मधली शाळा' म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. जुन्या मुंबई इलाख्यांत मुलगा मराठी चार इयत्ता करून इंग्रजी पहिलींत जाई. इंग्रजी पहिल्या तीन इयत्ता ही मधली शाळा. त्यापुढें चार इयत्ता हायस्कूल. आणि शेवटीं मॅट्रिक. जो इंग्रजीकडे जात नसे तो मराठींतच सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेस बसे. ती परीक्षा उतरलेल्या मनुष्यास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळूं शके. म्हणून 'सातवी पास' या शब्दांस खेड्यांत मोठा मान होता. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी, सातवी व आठवी या तीन इयत्तांचा स्वतंत्र मधला टप्पा मानिला आहे. आमच्याकडे पांचवीपासूनच मुलें या विभागांत येतात, म्हणून आम्ही चार वर्षांचा हिशेब धरितों.

मिशन-शाळांचा इतिहासही पालकांनीं जाणावा. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले. त्यांनीं १८२४ सालीं तेथें मुलींसाठीं शाळा काढिली. आणि १८३१ सालीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें त्यांच्या कामास आरंभ झाला. सिंथिया फरार नांवाच्या अविवाहित शिक्षिका १८२७ सालीं अमेरिकेहून मुंबईस आल्या, १८३९ मध्यें नगरास गेल्या, व १८६२ मध्यें मरण येईपर्यंत मुलींस शिकवीत राहिल्या. त्या काळीं मुलीस अक्षर शिकविलें तर घरावर अरिष्ट येतें असें मानणारे पुष्कळ होते, म्हणजे "पोरीला पुढं कशाला शिकवायचं?" हा प्रश्न फरारबाईंसही कितीदां ऐकावा लागला असेल! पुढें १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्यानें खासगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धति सुरू झाली, आणि अनुदानाबरोबर तपासनीसही आला. तेव्हांपासून मिशनच्या शाळा सरकारमान्य अभ्यासक्रमाच्या चौकटींत आल्या.

आतां पहिली वाढ, ज्ञानाची. चौथीपर्यंत मूल वाचावयास शिकतें. पांचवीपासून तें वाचनाच्या साधनानें इतर गोष्टी शिकूं लागतें. हा फरक दिसावयास लहान, पण परिणामास फार मोठा आहे. एकाच बाईंच्या पदरास धरून बसणारें मूल आतां विषयागणिक निराळ्या शिक्षकापुढें बसतें. इतिहास, भूगोल व विज्ञान यांचीं वेगळीं पुस्तकें हातीं येतात. गणितांत अपूर्णांक, शेकडेवारी व व्याज येतें. जें चौथींत पाठ करून भागत होतें, तें येथें समजून घेतल्यावांचून भागत नाहीं. म्हणूनच पांचवी-सहावींत कित्येक हुशार म्हणून नांवाजलेलीं मुलें एकदम मागें पडलेलीं दिसतात. पालक घाबरतात, व मूल 'ढ' झालें असें समजतात. तसें नसतें, वाट बदललेली असते, आणि नव्या वाटेवर पाय ठरावयास थोडा अवधि लागतो. याच वेळीं त्यास शाळेंतून काढिलें, तर आपण मठ्ठ आहों ही समजूत तें जन्मभर बरोबर नेतें.

आमच्या वर्गांत एक लांकडी पेटी ठेविली आहे. आठवड्यांतून एकदां प्रत्येक मुलानें चिठीवर आपला एक प्रश्न लिहून तींत टाकावा असा नियम आहे. शनिवारीं चिठ्या काढून वाचतात. मागें एका चिठींत लिहिलें होतें कीं, पावसाचें पाणी समुद्राहून येतें व समुद्र तर खारट, मग पाऊस गोडा कां? आम्हीं उत्तर सांगितलें नाहीं. एका ताटलींत मिठाचें पाणी घालून तें ओट्यावर उन्हांत ठेवावयास लाविलें. दोन दिवसांनीं पाणी आटलें आणि तळाशीं मिठाचे पांढरे कण राहिले. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाहीं, हें मुलांनींच मग फळ्यावर लिहिलें. पुस्तकांत हें एका ओळीचें वाक्य आहे. पण प्रश्न स्वतःचा असल्यामुळें उत्तरही त्यांचें स्वतःचें झालें.

प्रश्न विचारण्याच्या या संवयीचा संसारांत काय उपयोग, असें कोणी म्हणेल. त्यास आमच्या सातवींतील एका मुलीची हकीकत सांगतों. तिचे वडील हंगामाहून परतले, तेव्हां मुकादमानें दिलेला हिशेबाचा कागद त्यांनीं तिच्यापुढें ठेविला. त्यांत तोडलेले टन, टनाचा दर, आरंभीं घेतलेली उचल, व मधून मधून किराण्यासाठीं घेतलेले पैसे, असें सर्व मांडलेलें होतें. बेरीज-वजाबाकी तिनें तपासली. ती बरोबर होती. तरी ती कागद हातांतून सोडीना. तिनें तारखा पाहिल्या, आणि किराण्याचे २,००० रुपये एकाच तारखेस दोनदां लिहिलेले तिला दिसले. वडिलांनीं कागद नेऊन दाखविला. चूक दुरुस्त झाली व पैसे मिळाले. येथें पालकांनीं नीट विचार करावा. चौथीपर्यंतच्या गणितानें ही चूक सांपडली नसती, कारण बेरींज चुकलेली नव्हतीच. हा आंकडा येथें कां आला, असें विचारण्याची बुद्धि मधल्या इयत्तांत येते.

दुसरी वाढ शरीराची. आमच्या बोर्डिंगांत पहाटे साडेपांचास घंटा होते. मुलें अंथरुणें गुंडाळतात, अंगण झाडतात, पाणी भरतात. मग प्रार्थना, अभ्यास, न्याहरी, व शाळा. सायंकाळीं एक तास बागेंत काम व एक तास खेळ. कांहीं पालक आम्हांस म्हणतात, "आम्ही पोरं शिकायला धाडली, झाडू मारायला नाही." त्यांस आमचें सांगणें असें कीं, पगारी माणसाचे पैसे वांचावे म्हणून हें काम नाहीं. ज्या देशांत झाडू कोणाच्या हातीं असावा हें पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ठरत आलें, त्या देशांत तो यादींतील क्रमाप्रमाणें प्रत्येकाच्या हातीं यावा, आणि यादींत शिक्षकांचींही नांवें असावीं, हा एक धडाच आहे. तो फळ्यावर लिहून शिकवितां येत नाहीं.

या बाबतींत पंडिता रमाबाईंचें उदाहरण आम्हांस फार मोलाचें वाटतें. १८८९ सालीं मुंबईंत त्यांनीं शारदा सदन काढिलें. पुढें १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत शेंकडों अनाथ मुलींस त्यांनीं आश्रय दिला, आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्ति सदन वाढलें. उपाशीपोटीं आलेल्या त्या मुलींस त्यांनीं वाचावयास तर शिकविलेंच, पण विणकाम, शेतकाम व छापखान्याचें कामही शिकविलें. मुली खिळे जुळवीत, पानें छापीत. बाईंनीं स्वतः केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर तेथेंच छापलें गेलें. बाई १९२२ मध्यें वारल्या व तें १९२४ मध्यें पूर्ण प्रसिद्ध झालें. ज्या हातांस भीक मागण्यावांचून गति नव्हती, त्या हातांनीं ग्रंथ छापिला! २०२० च्या धोरणांत सहावीपासून मुलांस हस्तव्यवसायांची ओळख करून द्यावी असें म्हटलें आहे, तें वाचून आम्हांस केडगांवच्या त्या मुलींची आठवण झाली.

शरीराविषयीं आणखी एक गोष्ट नाजूक असली तरी सांगितली पाहिजे. याच वयांत मुलींच्या शरीरांत निसर्गक्रमानें पालट होतो. आणि तो झाला कीं कित्येक घरीं तिची शाळा बंद होते. हें शाळा सोडण्याचें कारण नव्हे. स्वच्छ शौचगृह, भरपूर पाणी, व जिच्याशीं मोकळेपणीं बोलतां येईल अशी शिक्षिका, इतक्या गोष्टी असल्या म्हणजे मुलगी निर्धास्तपणें शिकूं शकते. या गोष्टी पुरविणें हें शाळेचें कर्तव्य आहे. आणि त्यांत कांहीं उणें दिसलें तर मातांनीं येऊन आम्हांस अवश्य सांगावें.

तिसरी वाढ देवाच्या कृपेंतील. आमच्या शाळेंत ख्रिस्ती मुलें थोडीं व इतर धर्मांचीं अधिक आहेत. म्हणून कित्येक पालकांच्या मनांत शंका असते, व ती असणें स्वाभाविक आहे. या बाबतींत आपल्या राज्यघटनेचें २८ वें कलम स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेंत कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या संमतीवांचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस बसण्याची सक्ति करितां येत नाहीं. हा नियम आम्ही केवळ कायदा म्हणून पाळीत नाहीं. सक्तीनें केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, अशी आमची श्रद्धा आहे. सकाळच्या पांच मिनिटांत आम्ही मुलांस शांत बसावयास शिकवितों, काल कोणाचें मन दुखविलें काय हें आठवावयास सांगतों, व आजारी असलेल्या सोबत्याचें नांव घेतों. खोटें बोलून सुटतां येत असतां खरें बोलणें, ही या वयांतील सर्वांत कठीण परीक्षा असते, आणि तिचे गुण गुणपत्रकांत कोठेंही लिहिले जात नाहींत.

चौथी वाढ मनुष्यांच्या प्रीतींतील. येथें आम्ही महात्मा जोतीराव फुले यांचें विद्यार्थिदशेंतील चरित्र पालकांपुढें ठेवितों. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. त्यांचे वडील गोविंदराव फुलांचा धंदा व शेती करीत. त्यांनीं मुलास शाळेंत घातलें. परंतु लोकांच्या सांगण्यास भुलून अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळेंतून काढून मळ्यांतील कामास लाविलें. म्हणजे ज्या वयाविषयीं आम्ही बोलत आहों, नेमक्या त्याच वयांत त्या मुलाच्या हातीं पुस्तकाऐवजीं खुरपें आलें. पुढें शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघांनीं मुलाची बुद्धि पाहून बापाची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हां दाखल झाले. त्या वेळीं त्यांचें वय चौदा होतें. १८४७ पर्यंत ते तेथें शिकले. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र त्यांस विद्यार्थिदशेंत लाभले, व तो स्नेह पुढील कार्यांतही टिकला. फरारबाईंची नगरची शाळा पाहून त्यांच्या मनांत मुलींच्या शिक्षणाचा विचार बळावला, आणि १८४८ सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढिली. ते ख्रिस्ती झाले नाहींत. आपल्या बुद्धीस पटलें तें त्यांनीं घेतलें. शिकविणारानें याहून अधिक काय इच्छावें?

त्या जोतीरावांच्या व सावित्रीबाईंच्या शाळेंतील मुक्ता नांवाची मांग जातीची एक मुलगी अवघीं तीन वर्षें शिकली होती. तिनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि १८४२ सालीं अहमदनगर येथें निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्रानें तो १८५५ मध्यें छापिला. आज तो मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मानानें उल्लेखिला जातो. तिच्या बापानें जर म्हटलें असतें कीं, "पोरीला सही आली, आतां पुरे," तर काय झालें असतें? आणि त्या दोन शेजाऱ्यांनीं "परक्याच्या मुलाशीं आपल्याला काय करावयाचें?" असें म्हटलें असतें, तर?

आतां पालकांस आमच्या कांहीं विनंत्या आहेत. पहिली, हंगामास जावें लागत असेल तर मुलास बरोबर नेण्यापूर्वीं एकदां शाळेंत येऊन बोला. आजी-आजोबांपाशीं ठेवणें, बोर्डिंगांत जागा पाहणें, अथवा अशा मुलांसाठीं चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांची चौकशी करणें, यांपैकीं कांहीं तरी वाट बहुधा निघते. दुसरी, शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यानें सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु चौदाव्या वर्षीं तो हात सुटतो, आणि पुढें घरच्यांचाच हात हवा. आठवी झाली म्हणजे शिक्षण संपलें असें मानून मुलीच्या लग्नाची घाई करूं नका. तिसरी, मुलाच्या हातीं मोबाईल द्यावा लागतो हें आम्ही जाणतों. पण निजतेवेळीं तो काढून घ्या. चौथी, रोज सायंकाळीं "आज काय शिकलास?" असें विचारण्याऐवजीं "आज काय विचारलेंस?" असें विचारून पाहा. आपणांस लिहितां-वाचतां येत नसलें तरी हा प्रश्न विचारतां येतो, आणि मुलास बापाचें आपल्याकडे लक्ष आहे हें कळतें.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही थोडें सांगणें आहे. मंदिरांत प्रश्न विचारणारा तो मुलगा पुढें घरीं जाऊन आईबापांच्या आज्ञेंत राहिला, हें विसरूं नका. चार बुकें शिकून ज्यास आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटूं लागते, त्याचें शिक्षण वांकड्या वाटेनें चाललें आहे. तुमच्या वर्गांतील जो सोबती कोयत्यावर गेला, त्याची वही तुमच्यापैकीं कोणी उतरून ठेवीत आहे काय? तो परतल्यावर त्यास हंसूं नका. त्याच्याजवळ बसा व मागचें सांगा.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नावरून हा लेख लिहिला, त्यांची मुलगी सध्यां पांचवींत आहे. दिवाळीनंतर हजेरी घेतांना तिच्या नांवाशीं येऊन आम्ही थबकलों, आणि तिनें "हजर" म्हटलें. बाप तिला आजीपाशीं ठेवून गेला होता. तिच्या पुढचें नांव एका मुलाचें होतें; त्यास मात्र उत्तर आलें नाहीं. तो उन्हाळ्यांत येईल तेव्हां परीक्षा होऊन गेलेली असेल. त्याचें नांव आम्हीं पटावरून काढलेलें नाहीं. त्याचा बाक रिकामा ठेविला आहे, व त्याच्या वाटणीच्या वह्या कपाटांत आहेत. देव करो, आणि पुढल्या दिवाळीनंतर आम्हांस कोठेंही थांबावें न लागतां हजेरी पुरी करितां येवो.